लॉबी उघडली, पण आत कुणी येईना! पुण्यातल्या घरातून स्ट्रॅटेजी गेम होस्ट करताना

शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही चौघं बसतो. मी कोथरूडला, एक मित्र वाकडला, एक खराडीला आणि मावसभाऊ कात्रजला. ठरलेलं असतं, साडेबारापर्यंत दोन गेम. पण सुरुवातीचे कित्येक शनिवार असे गेले की सव्वाअकरापर्यंत "मला तुझा गेम दिसतच नाहीये", "मी आलो होतो, बाहेर फेकलं", "बरं, आता तू होस्ट कर", "थांब, रीस्टार्ट मारतो" एवढंच चालायचं. मग कुणाचं तरी बाळ उठायचं आणि बैठक मोडायची.

चौघांकडेही फायबर आहे, चौघांचेही प्लॅन १०० एमबीपीएसच्या वरचे. त्यामुळे आम्ही आधी गेमला नावं ठेवली, मग विंडोजला, मग एकमेकांना. दोष यातल्या कुणाचाच नव्हता. चौघांपैकी तिघांच्या घराला इंटरनेटवर स्वतःचा पत्ताच नव्हता. स्पीड कितीही असू दे, पत्ता नसलेल्या घरी पाहुणा पोचणार कसा?

हे कळायला आम्हाला दोन महिने लागले, कारण आम्ही उलटीकडून सुरुवात केली. राउटर बदलला, केबल बदलली, गेम दोनदा काढून परत टाकला. खालचा क्रम त्या दोन महिन्यांतून निघालाय. आधी गेमची जातकुळी, मग घराचा पत्ता, मग घरातली वायर, आणि त्यानंतर खेळायला माणसं.

गेमची जातकुळी

प्रत्येक गेममध्ये "होस्ट" (म्हणजे आपण गेम उघडून इतरांना बोलावणं) हे बटण असतं, पण त्यामागे चालणारी गोष्ट प्रत्येक ठिकाणी वेगळी. ती न कळता राउटरला हात लावू नका.

पहिल्या प्रकारात मध्ये कंपनीचा सर्व्हर असतो. २०१९ साली आलेली एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन अशी आहे. तुम्ही लॉबी (गेम सुरू होण्याआधी जमायची खोली) उघडता तेव्हा मित्र तुमच्या घरी येत नाहीत. तुम्ही आणि ते, सगळेच मधल्या एका सर्व्हरला जोडले जाता. इथे पोर्ट फॉरवर्डिंगवर (राउटरमध्ये गेमसाठी दार उघडण्यावर) घालवलेली रात्र फुकट जाते. बघायचं असतं ते सर्व्हर कुठला निवडलाय हे. लॉबी बनवताना सर्व्हरची यादी दिसते, त्यात "सेंट्रल इंडिया" असं एक नाव आहे. हे नाव मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडच्या विभागाचं. तो विभाग २०१५ मध्ये सुरू झाला आणि तो आहे चक्क पुण्यात. आम्ही मात्र सवयीने "साउथईस्ट एशिया" ठेवायचो. म्हणजे कात्रजहून कोथरूडला पाठवलेला हुकूम सिंगापूरला जाऊन परत यायचा. सिंगापूर इथून साधारण चार हजार किलोमीटर, काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, तेव्हा जाऊन येऊन ४० मिलिसेकंद तर सरळ रेषेतच गेले. केबल सरळ रेषेत नसतात, म्हणून प्रत्यक्षात ६० च्या पुढेच आकडा दिसतो. गल्लीतल्या दुकानातून दूध आणायला कुणी मुंबईला जातं का?

चौघांतला एकजण परदेशात असेल तर मात्र हे गणित बदलतं. तिथे सगळ्यांना सारखा त्रास होईल असा मधला सर्व्हर घ्या. एकाला ५ आणि दुसऱ्याला २०० यापेक्षा दोघांना ९०-१०० बरे. का ते पुढे येईलच.

दुसरा प्रकार म्हणजे होस्टचा स्वतःचा कॉम्प्युटर हाच सर्व्हर. झीरो ए.डी., ओपनआरए, वॉरझोन २१०० आणि १९९९ च्या सीडीवरची मूळ एज ऑफ एम्पायर्स २, हे सगळे या घरातले. फुकट आणि मुक्त गेम बहुतेक इथेच सापडतात, आणि पुण्यातल्या घरांची खरी गोची इथेच होते.

तिसऱ्या प्रकारात गेम चालतो तोच मुळी दुसऱ्याच्या सर्व्हरवर. बॅटल फॉर वेस्नॉथ तसा आहे. त्यात "गेम तयार करा" म्हटलं तरी तो त्यांच्या सर्व्हरवर तयार होतो. इथे अडचण आलीच तर ती बहुधा व्हर्जनची असते.

जुन्या गेमबद्दल एक इशारा. मेनूत "इंटरनेट" असं बटण आहे म्हणून त्यामागे काही असेलच असं नाही. गेमस्पाय नावाच्या सेवेवर कितीतरी जुन्या गेमच्या लॉब्या चालायच्या. ती ३१ मे २०१४ ला बंद झाली. त्या गेममध्ये यादी रिकामी दिसते ती तुमच्या नेटमुळे नाही. अशांसाठी गेमरेंजरसारखी वेगळी सोय वापरावी लागते किंवा पुढे सांगितलेलं आभासी लॅन (लॅन म्हणजे एकाच घरातलं नेटवर्क).

घराला पत्ता आहे का?

इथे घाई करू नका. दहा मिनिटांची तपासणी आहे, पण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

राउटरच्या तळाला एक स्टिकर असतो. त्यावर लॉगिनचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड असतो. बहुतेक ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओच्या डब्याला १९२.१६८.२९.१. ब्राउजरमध्ये तो टाकून आत शिरा आणि "स्टेटस" किंवा "वॅन" नावाचं पान शोधा. तिथे लिहिलेला वॅन आयपी (राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता) कागदावर उतरवा. मग त्याच घरच्या वायफायवरून "माझा आयपी काय" असं गूगलला विचारा आणि जो आकडा येईल तो शेजारी लिहा. उत्तर लांबलचक आणि मध्ये अक्षरं असलेलं आलं तर तो आयपीव्ही६ आहे. आपल्याला चार आकड्यांचा जुना पत्ता हवाय, तो दाखवणारी दुसरी साइट बघा.

दोन्ही आकडे जुळले तर देव पावला. सरळ पुढच्या भागावर जा.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. हा शब्द लक्षात ठेवा, नेटवाल्याशी बोलताना लागेल. समजायला सोपं आहे. शनिवार पेठेतला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. दारावर घर नंबर एकच, आत बावीस बिऱ्हाडं. तुम्ही बाहेर पत्र पाठवलंत तर उत्तर तुमच्यापर्यंत येतं, कारण दारातल्या माणसाला आठवतं की हे पत्र कुणी धाडलं होतं. पण अचानक कुणी "आत गेम चालू आहे म्हणे" असं विचारत आलं, तर बाविसातलं कुठलं बिऱ्हाड ते दारातल्याला माहीत नाही. तो पाहुण्याला परत पाठवतो. म्हणूनच ब्राउजिंग, व्हिडिओ, दुसऱ्याच्या गेममध्ये जाणं, हे सगळं झकास चालतं आणि फक्त होस्टिंग अडतं.

हे नेटवाल्यांनी मुद्दाम केलेलं नाही. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात मुळात साधारण ४३० कोटीच. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणी संस्थेकडचा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या गठ्ठ्यावर आला. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१२ मध्ये, हा १००.६४ वाला पट्टा खास अशा वाड्यांसाठी राखून ठेवला गेला. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही सहसा हेच असतं, त्यामुळे "फोनवरून करून बघतो" हा उपाय होस्टिंगला बहुधा कामाचा नाही.

वॅन आयपी १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर दोन शक्यता. एक, घरात दोन राउटर एकामागे एक आहेत. फायबर जिथे येतं तो नेटवाल्याचा डबा आणि त्याला जोडलेला तुम्ही हौसेने आणलेला चांगला राउटर. आधी नेटवाल्याच्या डब्याच्या पानावर जाऊन त्याचा वॅन आयपी बघा. तो बाहेरच्या आकड्याशी जुळला, तर प्रश्न घरातच आहे. त्या डब्याला ब्रिज मोडवर (नुसतं नेट पुढे सरकवेल असा) टाकायला सांगा किंवा तुमच्या राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट (फक्त वायफाय देणारा) करा. दुसरी शक्यता, स्थानिक केबलवाल्याचाच वाडा आहे. मग पुन्हा सीजीनॅटचीच गोष्ट.

पत्ता नसेल तर

पहिली गोष्ट, आणि ही आम्हाला सगळ्यात उशिरा सुचली: बहुतेक गेममध्ये पत्ता सगळ्यांना लागत नाही, फक्त होस्टला लागतो. चौघांनी वरची तपासणी करा. एकाकडे जरी खरा पत्ता निघाला तरी काम झालं. आमच्यात तो खराडीवाला निघाला. तेव्हापासून तो कायमचा यजमान.

कुणाकडेच नसेल तर नेटवाल्याकडे मागायचा. मागताना "स्टॅटिक आयपी" (कधीच न बदलणारा) म्हणू नका, त्याचे वेगळे पैसे सांगतात आणि कधी कधी थेट ऑफिसचा प्लॅन गळ्यात मारतात. "मला पब्लिक आयपी हवाय, बदलता असला तरी चालेल, सीजीनॅटमधून बाहेर काढा," असं म्हणा. फोनवरची माणसं आधी राउटर बंद करून चालू करायला सांगतील. करा, वाद घालू नका. मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तक्रार "सोडवली" असा मेसेज आला. शेवटी फायबरची तुटलेली वायर जोडायला आलेल्या मुलाने स्वतःच्या फोनवरून कुणाला तरी सांगितलं आणि पाच मिनिटांत पत्ता बदलला. छोट्या केबलवाल्यांकडे हा मार्ग जास्त चालतो. ज्याच्याकडे लॉगिन आहे त्या माणसापर्यंत पोचायचं.

तोपर्यंत आभासी लॅन. हमाची, रॅडमिन व्हीपीएन, झीरोटियर, टेलस्केल ही त्यातली नावं. सगळ्यांनी एकच प्रोग्रॅम टाकायचा, एकाने नेटवर्क बनवायचं, बाकीच्यांनी त्यात शिरायचं. मग चौघंही एकाच खोलीत बसल्यासारखे दिसतात आणि गेममध्ये "लॅन" निवडून खेळता येतं. हमाचीचं फुकट नेटवर्क पाच जणांपुरतं आहे, त्यामुळे तीन विरुद्ध तीनचा बेत असेल तर आधीच दुसरं बघा.

यात एक बारीक खोच आहे, आणि तिने आमचा एक अख्खा शनिवार खाल्ला. जुने गेम लॅनवरचा होस्ट शोधताना सगळ्यांना एकदम हाक मारतात, "कुणी आहे का?" ही हाक झीरोटियर पुढे पोचवतं, टेलस्केल पोचवत नाही. टेलस्केलवर यादी रिकामीच दिसणार. तिथे होस्टचा आयपी हाताने टाकून जोडावं लागतं, आणि गेममध्ये तशी सोय नसेल तर दुसरं साधन घ्यायचं. दुसरं असं की जुने गेम कॉम्प्युटरमधलं सापडेल ते पहिलं नेटवर्क कार्ड धरून बसतात. व्हर्च्युअलबॉक्स, ऑफिसचा व्हीपीएन असं काही टाकलेलं असेल तर खेळण्यापुरती ती कार्डं नेटवर्क सेटिंगमधून बंद करा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही टाकू नये.

आभासी लॅनचा पासवर्ड अनोळखी माणसाला देऊ नका. तो घरच्या नेटवर्कचा उंबरठा ओलांडायची परवानगी मागतोय, गेमची नाही.

झीरो ए.डी. खेळत असाल तर या सगळ्याआधी होस्ट करताना "स्टन" वर टिक करून बघा. त्यात बाहेरचा एक सर्व्हर दोघांनाही सांगतो की तुमचं दार बाहेरून कुठल्या नंबरचं दिसतं, आणि मग दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे निघतात. दारातल्या माणसाला वाटतं, दोघंही आपल्याच बिऱ्हाडकरूच्या पत्राला उत्तर देतायत. सीजीनॅट कडक असेल तर हे फसतं. फसलं तरी एक टिक तर करायची, जातंय काय?

शेवटचा मार्ग पैशांचा. ओपनआरए किंवा फ्रीसिव्हसारख्या गेमचा सर्व्हर वेगळा चालवता येतो. मुंबईतलं छोटं क्लाउड मशीन तासावर भाड्याने मिळतं. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ पासून आहे. मात्र खेळून झाल्यावर मशीन बंद करायला विसरलात तर मीटर रिक्षासारखा चालूच राहतो.

पोर्ट उघडणं

पत्ता मिळाला, आता दार. आधी राउटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन करून आपल्या कॉम्प्युटरला कायमचा आतला आयपी द्या. हे राहून गेलं तर आज चाललेलं पुढच्या आठवड्यात बंद पडतं आणि का ते कळत नाही. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर तो आतला आयपी आणि गेमचं पोर्ट टाका. टीसीपी आणि यूडीपी हे माहिती पाठवायचे दोन प्रकार, त्यातला बरोबर तो निवडा. झीरो ए.डी.ला यूडीपी २०५९५, ओपनआरएला टीसीपी १२३४, वॉरझोन २१०० ला नावाप्रमाणेच टीसीपी २१००. मूळ एज ऑफ एम्पायर्स २ जास्त हट्टी: टीसीपी ४७६२४ आणि शिवाय २३०० ते २४०० चा पट्टा टीसीपी व यूडीपी दोन्हींवर.

विंडोजचा फायरवॉल पहिल्यांदा गेम चालू होताना परवानगी विचारतो. ती खिडकी गेमच्या मागे लपते, आपण काहीतरी दाबून पुढे जातो आणि नकार कायमचा नोंदला जातो. कंट्रोल पॅनेलमध्ये फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत गेम शोधा आणि प्रायव्हेट, पब्लिक दोन्ही खुणा बघा. आभासी लॅनला विंडोज बहुतेक वेळा "पब्लिक" समजतं, त्यामुळे एकच खूण पुरत नाही. पूर्ण फायरवॉल बंद करणं किंवा राउटरमध्ये कॉम्प्युटर डीएमझेडवर टाकणं (म्हणजे त्याची सगळीच दारं उघडणं), असले सल्ले मिळतील. दाराची कडी लागत नाही म्हणून भिंत पाडायची नसते.

तपासताना दोन फसवे प्रकार. घरातूनच स्वतःच्या बाहेरच्या आयपीवर जोडून बघितलंत तर अनेक राउटर ते चालू देत नाहीत, म्हणून "चालत नाही" असा निष्कर्ष काढू नका. मित्राला बघायला सांगा. आणि पोर्ट तपासणाऱ्या साइट बहुतेक टीसीपीच बघतात, तेही गेम चालू असतानाच. झीरो ए.डी.चं यूडीपी पोर्ट त्यांना "बंद" दिसलं तरी ते उघडं असू शकतं.

लॅग कुठून येतो

स्ट्रॅटेजी गेमला स्पीड लागतच नाही म्हटलं तरी चालेल. १९९७ ची पहिली एज ऑफ एम्पायर्स २८.८ केबीपीएसच्या डायलअप मोडेमवर चालावी अशी बांधली होती. नकाशावर शेकडो सैनिक फिरतात, पण ते वायरवरून जात नाहीत. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर अख्खी लढाई वेगवेगळी चालते आणि वायरवरून जातात फक्त हुकूम: हा गट तिकडे, इथे बरॅक बांध. सगळ्यांनी एकाच ठेक्यावर तोच हुकूम पाळला की सगळीकडे तीच लढाई होते. ढोलपथकासारखं. एकाचा टोल चुकला की सगळ्यांना थांबावं लागतं.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, पिंग (निरोप जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) कमी असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. सतत १०० ला हात बसतो. कधी ३०, कधी ३०० ला बसत नाही. दुसरी, सगळ्यात हळू माणसाच्या चालीने सगळे चालतात, आणि हळू म्हणजे नेटच असं नाही. पिंग छान, पण शेवटच्या अर्ध्या तासात गेम चिखलात रुतल्यासारखा चालत असेल, तर कुणाचा तरी जुना लॅपटॉप हजार सैनिकांचा हिशेब करता करता दमलाय. नकाशा लहान घ्या, लोकसंख्येची मर्यादा २०० वरून १२५-१५० वर आणा. तिसरी, सगळ्यांकडे गेम, पॅच (कंपनीच्या दुरुस्त्या) आणि मॉड (खेळाडूंनी केलेले बदल) तंतोतंत सारखे हवेत. एका मॉडने भाल्याची ताकद एकाने वाढली, तरी दोन कॉम्प्युटरवरच्या लढाया वेगळ्या होतात आणि "आउट ऑफ सिंक" म्हणून गेम मोडतो. त्यासाठी शनिवारी दुपारीच सगळ्यांनी अपडेट उतरवून ठेवा. रात्री साडेदहाला "दोन जीबी राहिलेत" हे वाक्य ऐकायला कुणालाही आवडत नाही.

नेट तपासायचं तर कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी स्वतःच्या राउटरलाच शंभर वेळा पिंग करा. उत्तर १-२ मिलिसेकंदांत, एकही न हरवता यायला हवं. इथेच ४०, ८०, २०० असे आकडे उड्या मारत असतील तर नेटवाल्याला फोन करू नका. दोष तुमच्या वायफायचा आहे. राउटर हॉलमध्ये, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मध्ये जुन्या पेठेतली जाड भिंत, मग काय होणार? वायर ओढा. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, कॅट ६ ची (नेटवर्कची) केबल लागेल तेवढी कापून, दोन्ही टोकांना जोडणी करून मिळते. होस्टने तरी वायरच वापरावी. राउटर नीट असेल तर मग १.१.१.१ ला (बाहेरच्या एका सार्वजनिक सर्व्हरला) पिंग करा, आणि हे दुपारी नाही, रात्री खेळायच्या वेळी. अधूनमधूनच आकडा फुगत असेल तर घरातला एखादा फोन फोटोंचा बॅकअप चढवतोय का ते बघा. अपलोड भरलं की हुकूम रांगेत अडकतात.

विजेचं सांगायलाच हवं. राउटरसाठी मिळणारा छोटा बारा व्होल्टचा यूपीएस घ्या, पण फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही जोडा. तरीही पावसाळ्यात नेट जाईल, कारण झाडावरून ओढलेल्या वायरी आणि चौकातल्या केबलवाल्याच्या पेटीची वीज तुमच्या हातात नाही. म्हणून गेममध्ये दर पंधरा-वीस मिनिटांनी सेव्ह करण्याची सवय लावा. झीरो ए.डी.मध्ये तुटलेल्याला परत शिरता येतं. एज ऑफ एम्पायर्समध्ये सेव्ह केलेला गेम त्याच माणसांनी नव्या लॉबीतून पुन्हा उघडायचा. सेव्ह नसेल तर अडीच तासांचं साम्राज्य एका फांदीवर गेलं समजा.

माणसं शोधणं

तांत्रिक भाग एकदा जमला की जमला. माणसांचं तसं नाही.

लॉबी कधी उघडता यावर निम्मं ठरतं. आपल्याकडे संध्याकाळी सहाला यादी ओसाड दिसते, कारण युरोपात तेव्हा लोक कामावर असतात. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. सिंगापूरचं घड्याळ मात्र आपल्या अडीच तास पुढे, म्हणजे आपल्या सातला तिथे साडेनऊ. पिंग कमी हवा असेल तर सात ते नऊ, गर्दी हवी असेल तर अकरानंतर. यादी तरीही रिकामी वाटली तर आधी फिल्टर बघा; भाग, पासवर्ड, भरलेल्या लॉब्या यांच्या खुणा मागच्या वेळच्या तशाच राहिलेल्या असतात.

लॉबीचं नाव ही तुमची पाटी. ती पुणेरी असावी, म्हणजे स्पष्ट, खवचट नको. "या खेळूया" असल्या नावाला कुणी येत नाही. नकाशा, किती विरुद्ध किती, साधारण पातळी आणि भाग, एवढं इंग्रजीत लिहा, कारण वाचणारा व्हिएतनाममधलाही असेल. "फक्त नवशिके" लिहिलंत की हमखास एखादा मुरलेला गडी शिकार करायला येतो. त्याऐवजी रेटिंगचा आकडा लिहा आणि आलेल्याचं रेटिंग बघा. एज ऑफ एम्पायर्सच्या रँक्डमध्ये सुरुवात १००० वर होते. नवा माणूस तिथून आधी बराच खाली घसरतो, त्यात लाज नाही. पहिले दहा-पंधरा सामने हरणं हीच तिथली प्रवेश फी आहे, ती भरली की बरोबरीचे लोक मिळायला लागतात.

आठ जागांची लॉबी उघडू नका. सातवा येईपर्यंत दुसरा कंटाळून जातो, त्याच्या जागी कुणी येईपर्यंत पाचवा. दोन विरुद्ध दोन लवकर भरते. एज ऑफ एम्पायर्सच्या चॅटमध्ये कुणी नुसतं १४ टाकलं तर घाबरू नका, तो आकडा टाकला की "चला, सुरू करा की आता!" असा आवाज येतो. ११ म्हणजे हसणं. होस्टने लॉबी सोडून चहा करायला जायचं नाही, आणि दर दोन मिनिटांनी बंद करून नवी उघडायचीही नाही. दहा मिनिटं तरी तग धरा.

पण खरं सांगायचं तर अनोळखी लोकांबरोबरचे सामने आम्ही आता क्वचितच खेळतो. लॉबीत भेटलेल्यांपैकी जो हरल्यावरही "छान झाला गेम" म्हणून गेला, त्याला लगेच फ्रेंड लिस्टमध्ये घ्यायचं, असा नियम केला. वर्षभरात तशी नऊ माणसं जमली. त्यांचा डिस्कॉर्डवर एक गप्पांचा ग्रुप, त्यावर दर शनिवारची पक्की वेळ, आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत "हो" किंवा "नाही". "बघतो" हे उत्तर "नाही"मध्ये धरतो. वार आणि वेळ हलवायची नाही, दोघंच आले तरी दोघांनी कॉम्प्युटरविरुद्ध खेळायचं. ज्यांना रात्र जमतच नाही त्यांच्यासाठी सिव्हिलायझेशन ६ चं प्ले बाय क्लाउड आहे. आपली पाळी आली की सूचना येते, मग रात्री जेवल्यावर कॉम्प्युटरपाशी दहा मिनिटांत पाळी खेळून उठायचं. एक गेम तीन महिने चालतो, कुणाचं काही बिघडत नाही.

आणि एकाच घरी जमलात तर

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कॉम्प्युटर उचलून एकाच घरी नेतो. तेव्हा वरचं जवळजवळ काहीच लागत नाही. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि चार वायरी पुरतात. सोसायटीच्या क्लबहाउसचं किंवा राउटरचं गेस्ट वायफाय वापरू नका, त्यावर एक कॉम्प्युटर दुसऱ्याला दिसू नये अशीच व्यवस्था असते. गेमला इंटरनेटचं लॉगिन लागत असेल तर ते आधी तपासून या.

मोजायची असते ती वीज. भिंतीतला छोटा सॉकेट सहा अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॉट. मॉनिटरसकट एक गेमिंग पीसी लढाईच्या भरात ४०० वॉटपर्यंत सहज जातो. चार पीसी एकाच बोर्डावरून चालवलेत तर शेवटच्या हल्ल्यालाच खटका पडेल. दोन हॉलच्या सॉकेटवर, दोन बेडरूमच्या. एक्स्टेंशन बोर्डांवर घरी निघतानाच नावं घाला. माझा एक अजून वाकडला आहे.